करामत आणि कसोटी

उंच इमारतीच्या गच्चीवरून भिरकावलेली प्लास्टिकची चकती हवेत लांबलचक वळण घेते आणि खाली ठेवलेल्या टोपलीत नेमकी जाऊन पडते. भोवतालचे मित्र जल्लोष करतात आणि चित्रफीत संपते. यूट्यूबवर अशा करामतींनी ज्यांनी लाखो प्रेक्षक मिळवले त्यांत ब्रॉडी स्मिथ या अमेरिकन तरुणाचे नाव ठळकपणे घ्यावे लागेल. ‘ड्यूड परफेक्ट’ या प्रसिद्ध मंडळींबरोबरच्या त्याच्या चित्रफितीही अशाच गाजल्या. वयाची तिशी उलटल्यावर, २०२०च्या आरंभी, हा गृहस्थ डिस्क गोल्फ या खेळात व्यावसायिक स्पर्धक म्हणून उतरला आणि डिसक्राफ्ट या चकत्या बनविणाऱ्या कंपनीने त्याला करारबद्धही केले. ज्याने त्या खेळात अद्याप काहीच सिद्ध केलेले नाही, त्याला केवळ प्रसिद्धीच्या बळावर हे स्थान का मिळावे, हा प्रश्न त्यामुळे साहजिकच उपस्थित झाला. तो वरवर वाटतो तेवढा सोपा नाही.

डिस्क गोल्फची मांडणी गोल्फसारखीच आहे. काठी आणि चेंडू यांच्या जागी चकती येते, आणि जमिनीतील खळग्याच्या जागी खांबाला लोंबणाऱ्या साखळ्या व त्यांच्याखाली लोखंडी टोपली. चकती साखळ्यांवर आदळली की तिचा वेग मरतो आणि ती टोपलीत पडते. कमीत कमी फेकींत अठरा टोपल्या गाठायच्या, एवढाच हा खेळ. ही साखळ्यांची टोपली एड हेड्रिक याच्या डोक्यातून निघाली. ‘वॅम-ओ’ कंपनीत असताना त्याने फ्रिस्बीला मुलांच्या खेळण्यातून बाहेर काढले. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात त्याने पहिले कायमचे मैदान आखले आणि पुढच्याच वर्षी व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना स्थापन केली. संघटनेचा सभासद क्रमांक एक अर्थातच त्याचा होता. २००२ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून चकत्या घडविण्यात आल्या. खेळावरील प्रेमाची परिसीमा ती हीच! महागड्या हिरवळींवर खेळल्या जाणाऱ्या गोल्फशी नामसाधर्म्य असले, तरी अमेरिकेत हा खेळ बव्हंशी सार्वजनिक उद्यानांतच वाढला. तेथे प्रवेशशुल्क बहुधा नसतेच, आणि सुरुवातीला एकदोन चकत्यांवर काम भागते.

स्मिथ हा निव्वळ बहुरूपी नव्हता, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. अल्टिमेट या चकतीच्या सांघिक खेळात त्याने फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघातून २००६ आणि २०१० अशी दोन महाविद्यालयीन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली होती आणि २०१६ मध्ये डल्लासच्या व्यावसायिक विजेत्या संघातही तो होता. तेव्हा हातात कसब होतेच. प्रश्न निराळा आहे. करामतीच्या चित्रफितीत प्रेक्षकाला दिसते ती यशस्वी ठरलेली एक फेक. तिच्याआधी वाया गेलेल्या पन्नास किंवा शंभर फेकी कात्रीखाली जातात. या कलावंताची तुलना रस्त्यावरच्या डोंबाऱ्याशी करण्याचा मोह होतो, पण तो डोंबाऱ्यावर अन्याय होईल. त्याचा तोल गेला तर तो साऱ्या गर्दीसमोर जातो. चित्रफितीला असली भीती नाही.

स्पर्धेत मात्र हे सारे उलटे होते. खेळाडूची पाळी आली की फेकीसाठी त्याला ३० सेकंद मिळतात आणि सुटलेली प्रत्येक फेक पत्रकावर लिहिली जाते. चकती मैदानाच्या सीमेबाहेर गेली तर वर एका फेकीचा दंड. सकाळी दहा वाजता झाडाच्या बुंध्यावर आदळलेली चकती सायंकाळी विसरता येत नाही. ती बेरजेत असतेच. करामत करणाऱ्याला ‘एकदा तरी’ जमले म्हणजे पुरते, स्पर्धकाला ‘दर वेळी’ जमावे लागते, आणि या दोन शब्दांमधले अंतर कापण्यात भल्याभल्यांचे आयुष्य खर्ची पडते.

शिवाय अल्टिमेटचे कसब येथे जसेच्या तसे कामी येत नाही. अल्टिमेटची चकती १७५ ग्रॅम वजनाची, मोठी आणि गोलसर काठाची; ती तरंगत जाते आणि तिच्या टोकाला धावणारा सहकारी असतो. फेक हातभर चुकली तर तो झेप घेऊन ती सावरतो. गोल्फची टोपली कोणासाठी धावत नाही. १९८३ मध्ये डेव्ह ड्युनिपेस याने धारदार काठाची चकती तयार केली, तेव्हापासून या चकत्या आकाराने लहान आणि वेगाने तिखट झाल्या. लांब पल्ल्याची, मध्यम पल्ल्याची, टोपलीजवळची अशी प्रत्येक चकती वेगळी. एक आरंभी उजवीकडे झुकते, दुसरी हट्टाने डावीकडे उतरते. उजव्या हाताने उलट्या बाजूने फेकलेली चकती गिरकी मंदावताच डावीकडे पडते, सुलट्या बाजूची उजवीकडे. सुलटी फेक स्मिथने अल्टिमेटमधून आणली होती. बाकीचे पुष्कळसे त्याला नव्याने घोटावे लागले. लहानपणापासून बासरी वाजविणाऱ्याने प्रौढपणी सनई हाती घ्यावी, तसलाच हा प्रकार. फुंकर तीच, पण ओठांना सारे नव्याने शिकवावे लागते.

करामत आणि कसोटी एकाच फेकीत कशा भेटतात, हे २०२१ मध्ये यूटा राज्यातील ऑग्डेन येथे जगाने पाहिले. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अखेरच्या होलवर जेम्स कॉनराड एका फेकीने मागे होता. प्रतिस्पर्धी पॉल मॅकबेथ पाच वेळा जगज्जेता ठरलेला. कॉनराडने २४७ फुटांवरून फेकलेली चकती थेट साखळ्यांत शिरली, बरोबरी झाली आणि नंतरच्या निर्णायक होलवर तो विजेता ठरला. ही फेक करामतीच्या एखाद्या चित्रफितीत असती तर प्रेक्षकाने ती पाहून पुढची लावली असती. ती स्पर्धेत पडली, दुसरी संधी नसताना पडली, म्हणून तिचे मोल. मॅकबेथला आपल्या सहाव्या विजेतेपदासाठी २०२२ पर्यंत थांबावे लागले.

आता पैशाची बाजू. याच मॅकबेथशी डिसक्राफ्टने २०२१ मध्ये दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलरचा करार केला. उद्यानात फुकट खेळल्या जाणाऱ्या खेळात एवढा पैसा येतो तो चकत्यांच्या विक्रीतून, आणि चकत्या विकत घेतात ते शनिवार-रविवारी खेळणारे हौशी लोक. हे लोक खेळाकडे आले कसे? कोरोनाच्या साथीत स्पर्धा काही महिने थांबल्या, तरी मोकळ्या हवेत, एकमेकांपासून अंतर राखून खेळता येणारा हा खेळ त्याच काळात झपाट्याने पसरला. हे एक कारण. यूट्यूबवरील चित्रण हे दुसरे. तेव्हा स्मिथने आपल्या प्रेक्षकांपैकी काहींना उद्यानात आणले असेल, तर त्याने विजेत्यांच्याही मिळकतीत भर घातली, हे मान्य करणे प्राप्त आहे. ‘फुकटचा मान’ म्हणून त्याच्यावर झोड उठविणाऱ्यांनी हा हिशेब दृष्टीआड करू नये.

तथापि याची दुसरी बाजू डोळेझाक करण्याजोगी नाही. दौऱ्यावरचे कितीतरी खेळाडू मोटारगाडीतच बिऱ्हाड थाटून गावोगाव हिंडतात. प्रवेशशुल्क आणि पेट्रोल भागले तरी त्यांना धन्यता वाटते. त्यांच्यापैकी एखादा कंपनीच्या दारात गेला आणि पहिला प्रश्न ‘किती स्पर्धा जिंकल्यास?’ असा न येता ‘तुझे प्रेक्षक किती?’ असा आला, तर त्याने सराव कशाचा करावा? चकतीचा की कॅमेऱ्याचा? गुणांच्या आधी प्रसिद्धी मोजण्याची ही रीत खेळापुरती राहिलेली नाही. गायन, अध्यापन, वैद्यक, सर्वत्र ती शिरली आहे, आणि परीक्षेच्या वयातील मुलांना ती सर्वांत आधी कळते.

स्मिथच्या बाजूने एक गोष्ट मात्र निःसंशय आहे. ज्याला न चुकणारा म्हणून लोक ओळखत, त्याने चुकण्याचे चित्रण करून दाखविले. स्पर्धेतील आपल्या फेऱ्यांच्या चित्रफिती तो प्रसिद्ध करीत राहिला. झाडीत गेलेली चकती, हातातोंडाशी येऊन हुकलेली टोपली, खालच्या क्रमांकावर संपलेला दिवस, हे सारे त्यांत आले. अग्रगण्य दौऱ्यावरील एकही स्पर्धा त्याच्या नावावर नाही. त्याच्या प्रेक्षकसंख्येपुढे कॉनराड आणि मॅकबेथ दोघेही कितीतरी काळ फिके होते. पण पत्रकावर फेकींचीच बेरीज होते. तेथे त्याला मिळालेला सभासद क्रमांकही रांगेत जो आला तोच आहे: मॅकबेथचा २७५२३, आणि स्मिथचा १२८३७८.