टिळकांचा १९०८ सालचा खटला आणि गिरणगांवचे सहा दिवस

आम्हां संशोधकांची एक जुनी खोड आहे. चळवळीचा इतिहास लिहावयाचा म्हणजे पुढाऱ्यांचीं भाषणें व पत्रें जमवावयाचीं, आणि सरकारची बाजू 'दडपशाही' या एका शब्दांत संपवावयाची. वस्तुतः चळवळीस जो आकार येतो तो पुष्कळदां दडपणाऱ्या हातानेंच दिलेला असतो. इतकेंच नव्हे, तर तिचीं साधनेंही त्याच हातानें जपलेलीं असतात. लो. टिळकांवरील १९०८ सालचा राजद्रोहाचा खटला या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे.

३० एप्रिल १९०८ रोजीं मुझफ्फरपूर येथें बाँब पडला. त्यावर केसरींत १२ मे व ९ जून रोजीं आलेले लेख खटल्यास कारण झाले. दुसऱ्या लेखाच्या आदल्याच दिवशीं स्फोटक पदार्थांचा व वृत्तपत्रांचा असे दोन कायदे झालेले होते. २४ जूनला टिळकांस मुंबईंत सरदारगृहांत पकडण्यांत आलें. जामिनाचा अर्ज बॅ. जीना यांनीं न्या. दावर यांजपुढें केला व तो नामंजूर झाला. याच दावरांनीं १८९७ सालीं टिळकांचे वकील म्हणून त्यांच्या जामिनासाठीं रदबदली केली होती! खुर्ची बदलली म्हणजे युक्तिवादही बदलतो.

१३ जुलैस काम सुरू झालें. जूरींत सात युरोपियन व दोन पारशी. त्यांच्यापुढें वादाचा विषय मूळ मराठी लेख नसून त्यांचें सरकारी भाषांतर होता. टिळकांनीं एकवीस तासांहून अधिक वेळ स्वतःचा बचाव केला व त्यांत भाषांतराच्या दोषांवर भर दिला. आम्हीं जन्मभर शब्दार्थ शिकविला असल्यामुळें हा भाग आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. 'वध' आणि 'खून' यांस इंग्रजींत एकच शब्द योजिला कीं लेखकाचा अभिप्राय कोठल्या कोठें जातो, हें कोणीही संस्कृतज्ञ सांगेल. ज्याच्या हातीं भाषांतर, त्याच्या हातीं अपराधाची व्याख्या.

२२ जुलैच्या रात्रीं सात विरुद्ध दोन मतांनीं टिळक दोषी ठरले. सहा वर्षें काळेंपाणी व एक हजार रुपये दंड! त्याच रात्रीं खास गाडीनें त्यांस अहमदाबादेकडे नेलें, पुढें मंडालेस. गर्दी जमण्यापूर्वीं मनुष्य शहराबाहेर काढावयाचा, ही योजना उघड दिसते.

परंतु गर्दीनें दुसरी वाट काढली. २३ तें २८ जुलै, शिक्षेच्या एका वर्षास एक दिवस याप्रमाणें, सहा दिवस बाजार व गिरण्या बंद पडल्या. लष्कर आलें, गोळीबार झाला, माणसें मेलीं. लेनिननेंही त्याच वर्षीं या संपाची दखल घेतली. संपाची मुदत मजुरांनीं न्यायाधीशाच्या निकालपत्रांतूनच घेतली, हें ध्यानांत ठेवावें. सभेवर पोलीस, पत्रावर कायदा. कामगारसंघांस कायद्याची मान्यता तर १९२६ पर्यंत नव्हती. चाळ गिरणीच्या सावलींत, नोकरी मुकादमाच्या मर्जीवर. अशा स्थितींत मजुराच्या स्वाधीन एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे कामावर न जाणें. बोलणाऱ्यास पकडतां येतें. लाखभर गैरहजर माणसांवर आरोपपत्र कसें काढावें?

आतां साधनांविषयीं. त्या मजुरांनीं स्वहस्तें लिहिलेलें फारच थोडें उरलें आहे. त्यांचा आवाज आपणांस पोलिसांच्या टिपणांतून व वृत्तपत्रांच्या सरकारी साप्ताहिक सारांशांतून ऐकूं येतो. मुंबई सरकारनें १९५८ सालीं प्रसिद्ध केलेला स्वातंत्र्यसाधनांचा दुसरा खंडही सरकारी दप्तरांवर उभारलेला आहे. चार्वाकाचें मत आपण माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहांतून, म्हणजे प्रतिपक्षाच्या ग्रंथांतून, वाचतों, तसाच हा प्रकार होय. तो टाकाऊ नव्हे. मात्र 'जमाव', 'चिथावणी', 'दंगेखोर' हे शब्द घटनेचें वर्णन नसून लिहिणाऱ्याचें मत आहेत, हें समजून वाचावें.

परळ-लालबागच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद झाल्या, आणि जुन्या चाळी पाडल्या जात आहेत. पोथ्यांच्या शोधांत फिरणाऱ्या सभासदांस आमची विनंती आहे. गिरगांव-लालबागकडील कोणाच्या माळ्यावर मेळ्यांच्या पद्यांची चोपडी, हस्तपत्रक किंवा मुकादमाची हजेरीवही दिसल्यास ती 'ही कसली पोथी' म्हणून रद्दींत जाऊं देऊं नये. जुलै १९०८ मधील सहा रकाने कोरे असले तरीही ती मंडळाकडे आणावी.