शोध घेणाऱ्या मुली : नॅन्सी ते पिप

28 एप्रिल 1930 रोजी अमेरिकेत एका नव्या रहस्यमालिकेची तीन पुस्तके एकदम बाजारात आली. नायिका सोळा वर्षांची, नाव नॅन्सी ड्रू. आई लहानपणीच गेलेली, वडील वकील, दाराशी निळी रोडस्टर गाडी. ही मुलगी मोटारबोटीतून तळ्यावर जाताना वादळात सापडते, चोरांनी कपाटात कोंडल्यावर कपडे टांगायच्या दांडीची पहार करते आणि मोठ्या माणसांना तोंडावर प्रश्न विचारते. महामंदीच्या त्या वर्षांत कुमारवयीन वाचकांना अशी मुलगी नवीनच होती.

मालिकेवर लेखिकेचे नाव होते कॅरोलिन कीन. अशी कोणी बाई नव्हतीच. एडवर्ड स्ट्रेटमायर यांच्या संस्थेत कथानकाचा आराखडा तयार व्हायचा आणि ठरावीक मोबदल्यावर कोणीतरी तो लिहून काढायचे. ‘हार्डी बॉईज’ ही मुलांची मालिका 1927 पासून चाललेली होती, तिच्या जोडीला मुलींसाठी नॅन्सी आली. सुरुवातीच्या तीस पुस्तकांपैकी तेवीस लिहिली आयोवाच्या मिल्ड्रेड वर्ट यांनी. पहिल्या पुस्तकांचे त्यांना प्रत्येकी 125 डॉलर मिळाले. स्वामित्वधन नाही, नावही नाही. नॅन्सीचा बेधडकपणा स्ट्रेटमायर यांना आधी पसंत नव्हता, असे मिल्ड्रेड यांनी पुढे सांगितले. वाचक मुलींना मात्र तोच आवडला.

इंग्लंडमध्ये 1942 साली एनिड ब्लायटन यांचे ‘फेमस फाइव्ह’ सुरू झाले. एकवीस पुस्तकांच्या या मालिकेत मुली दोन. केस बारीक कापलेली, रागीट, धाडसी जॉर्ज आणि जेवणखाण, आवराआवर सांभाळणारी ॲन. जॉर्ज पिढ्यान्‌पिढ्या मुलींची लाडकी राहिली. पण तिच्या धाडसाची एक अट होती. ‘जॉर्जिना’ म्हटलेले तिला खपत नसे; शूर व्हायचे तर मुलगा व्हायला हवे, हे तिने मनोमन मान्य केलेले होते. मुलगी म्हणून राहणाऱ्या ॲनच्या वाट्याला धाडस फार थोडे आले.

अमेरिकेत 1948 मध्ये आलेली तेरा वर्षांची ट्रिक्सी बेल्डन या सगळ्यांपेक्षा वेगळी. तिला गणित जमत नाही, घरकामाचा कंटाळा आहे, पैशांची चणचण आहे आणि तिचे अंदाज पुष्कळदा चुकतात. ज्युली कॅम्पबेल यांनी तिला चुकण्याची मुभा दिली. नॅन्सीला ती कधीच नव्हती.

उलट नॅन्सीच्या मोकळेपणालाच पुढे कात्री लागली. 1959 पासून स्ट्रेटमायर यांची कन्या हॅरिएट ॲडम्स यांच्या देखरेखीखाली जुनी पुस्तके नव्याने लिहिली जाऊ लागली. पंचवीस प्रकरणांची वीस झाली, नायिका अठरा वर्षांची झाली. काळ्या माणसांची अपमानकारक चित्रणे निघाली, हे आवश्यकच होते. पण अनेक ठिकाणी त्यांना सन्मानाने उभे करण्याऐवजी कथेतूनच वगळले गेले. त्याच ओघात नॅन्सी अधिक सौम्य, अधिक आज्ञाधारक झाली. आजही दुकानात सहज मिळते ती हीच नॅन्सी.

1980 मध्ये या मालिकेवरून प्रकाशकांचा वाद न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेला. मिल्ड्रेड साक्षीला उभ्या राहिल्या आणि खऱ्या लेखिकेचे नाव जाहीरपणे नोंदले गेले. त्यालाही पन्नास वर्षे लागली. 2002 मध्ये, वयाच्या 96 व्या वर्षी त्या वारल्या, तोवर टोलेडोच्या वृत्तपत्रासाठी लिहीतच होत्या.

एकविसाव्या शतकात चित्र पालटले. नॅन्सी स्प्रिंगर यांची एनोला होम्स (2006) आपल्या प्रख्यात भावांनी ठरवलेले शिक्षण नाकारून व्हिक्टोरियन लंडनमध्ये एकटी उभी राहते. रॉबिन स्टीव्हन्स यांच्या 2014 पासूनच्या मालिकेत 1930 च्या दशकातल्या इंग्रजी निवासी शाळेची गोष्ट हाँगकाँगहून आलेली हेझल वाँग सांगते. जुन्या गोष्टींत जी बाजूला उभी राहिली असती, तिच्याच हाती लेखणी आहे. होली जॅक्सन यांची पिप (2019) शाळेच्या प्रकल्पासाठी गावातला जुना खून उकरते. गावाने सॅल सिंग या मुलाला केव्हाच खुनी ठरवलेले असते, पिपला ते पटत नाही. पुढच्या भागांत या शोधाची किंमत तिला झोप आणि मनःशांती देऊन मोजावी लागते. नॅन्सी दर पुस्तकात ताजीतवानी परतायची. पिपला ते जमत नाही आणि म्हणून ती जास्त खरी वाटते.

नव्वद वर्षांतली खरी प्रगती हीच. हुशारी मुलींना पहिल्या दिवसापासून होती. घाबरण्याचा, चिडण्याचा, चुकण्याचा आणि मुलगी राहूनच शूर असण्याचा हक्क त्यांना हळूहळू मिळाला. आपल्याकडे भा. रा. भागवतांनी मराठी मुलांना फास्टर फेणे हा फुरसुंगीचा पोरगा दिला, जो आजही घरोघरी ओळखीचा आहे. तितकीच ओळखीची, आपल्याच गावातली, सायकलवरून रहस्याच्या मागे जाणारी मुलगी मराठी लेखक-प्रकाशकांनी आता मालिकाभर उभी करावी. तिची वाट पाहणाऱ्या वाचक मुली इथे भरपूर आहेत.