ऑगस्टचे वाघ

इंग्लिश प्रीमियर लीग सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे होतात आणि पॉइंट्स टेबल पार उलटंपालटं दिसायला लागतं. गेल्या वर्षीचे चॅम्पियन तळाशी गटांगळ्या खातायत, नुकतीच वर आलेली टीम मिशीला पीळ देतेय. आम्हा फॅन मंडळींना तेवढं पुरतं. कोणाचा कोच जाणार, कप कोणाचा, सगळे निकाल ऑगस्टातच लावून आम्ही मोकळे! मे महिन्यात त्या निकालांचं काय होतं, त्याचे हे काही मासलेवाईक नमुने.

पहिला मान शेफील्ड युनायटेडचा. ही टीम नाताळपर्यंत रडतखडत खेळायची आणि नाताळ उलटला की अंगात आल्यासारखी सुटायची. मॅनेजर डेव्ह बॅसेट यांनी १९९२ मध्ये यावर जालीम उपाय शोधला. सीझनच्या तोंडावर, भर उन्हाळ्यात, पोरांना नाताळची पार्टी देऊन टाकली! आणि गंमत म्हणजे उपाय लागू पडला. १५ ऑगस्ट १९९२, प्रीमियर लीगचा पहिलावहिला दिवस, समोर मँचेस्टर युनायटेड. पाचव्याच मिनिटाला ब्रायन डीनचा हेडर जाळ्यात. लीगच्या इतिहासातला हा पहिला गोल. मॅच २-१ ने खिशात. मँचेस्टर पुढच्या मॅचला घरच्या मैदानावर एव्हर्टनकडून ०-३ हरलं. पण मे महिन्यात कप उचलला तो मँचेस्टरनेच. पार्टीवाले चौदावे आले.

माझा लाडका किस्सा मात्र २०१० चा. ब्लॅकपूल पहिल्यांदाच प्रीमियर लीगमध्ये आलेलं, आणि पहिल्याच दिवशी विगनला त्यांच्याच घरी ४-० असं धुतलं. संध्याकाळी चेल्सीने सहा गोल ठोकेपर्यंत हे नवखे चक्क टेबलच्या डोक्यावर होते. बिचाऱ्या विगनची पुढची मॅचही घरीच, तीही त्याच चेल्सीशी: ०-६. दोन मॅचेस, खाल्लेले गोल दहा, मारलेले शून्य. विगनचं श्राद्ध घालायचंच काय ते बाकी होतं. तिसऱ्या आठवड्यात हे गडी टॉटनहॅमच्या मैदानावर गेले आणि १-० ने जिंकून आले! सीझनअखेर विगन ४२ पॉइंट्सवर तरलं. ब्लॅकपूल ३९ वर बुडालं.

हल सिटीचं २०१६ मध्ये असंच झालं. कायम मॅनेजर नाही, धडधाकट सीनियर खेळाडू मोजून तेरा, आणि पहिल्याच मॅचला आदल्या वर्षीच्या चॅम्पियन लेस्टरला २-१ ने लोळवलं. दुसरीही जिंकली. मे मध्ये खालच्या डिव्हिजनला रवानगी. न्यूकॅसलने १९९४ मध्ये सलग सहा मॅचेस जिंकून सुरुवात केली होती. शेवटी नंबरही सहावाच लागला. उलट क्रिस्टल पॅलेस २०१७ मध्ये पहिल्या सातही मॅचेस एकही गोल न मारता हरलं. मॅनेजर फ्रँक डी बोअर यांना तर चार मॅचेसनंतरच नारळ मिळाला होता. तेच पॅलेस अकरावं आलं!

एरिक टेन हाग यांची तऱ्हा वेगळी. ऑगस्ट २०२२ मध्ये ते मॅनेजर असलेल्या मँचेस्टर युनायटेडचा ब्रेंटफोर्डने ४-० असा फडशा पाडला. ब्रेंटफोर्डचे खेळाडू मिळून १३.८ किलोमीटर जास्त पळाले, असं आकडे सांगत होते. साहेबांनी दुसऱ्या दिवशीची सुट्टी रद्द केली आणि प्रत्येकाला तेवढेच १३.८ किलोमीटर पळवलं. स्वतःही पळाले, हे विशेष. पुढची मॅच लिव्हरपूलशी, ती जिंकली, आणि तळाला गेलेली टीम सीझनअखेर तिसरी.

आणि हॅरी केन? २०१८ पर्यंत दोनदा लीगचा टॉप स्कोअरर झालेल्या या माणसाला ऑगस्टात लीगचा गोलच सापडेना. शेवटी १८ ऑगस्ट २०१८ ला फुलहॅमविरुद्ध ती साडेसाती संपली. फँटसी टीममध्ये त्याला कॅप्टन करणाऱ्यांनी तोवर किती शिव्या घातल्या असतील, विचारू नका.

आता आपल्या फायद्याचं. शनिवारी दुपारी तीनच्या मॅचेस खुद्द इंग्लंडमध्ये टीव्हीवर लाइव्ह दाखवत नाहीत. लोकांनी घरी बसण्यापेक्षा मैदानावर यावं, म्हणून हा जुना नियम. आपल्याकडे मात्र त्या संध्याकाळी साडेसातला खुशाल दिसतात. सोय फक्त ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत. मग तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि याच मॅचेस आपल्याकडे साडेआठला येतात. तेव्हा जेवणाच्या वेळेची बोलणी घरच्यांशी आत्ताच उरकून घ्या. आणि तोवर पॉइंट्स टेबलचा स्क्रीनशॉट काढून मित्रांना डिवचायचा मोह आवरा.