उल्हासच्या पाण्यावर सारंगाची सनद

२०१९ च्या जुलै महिन्यातील सत्तावीस तारखेस, मुंबईहून कोल्हापुराकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुराने चहूबाजूंनी वेढली गेली, आणि सारी रात्र अंधाऱ्या डब्यांत काढलेल्या सुमारे १,०५० उतारूंना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, नौदलाचे पाणबुडे आणि आसपासचे गावकरी यांनी दुपारपर्यंत सुखरूप बाहेर काढले. त्या उतारूंत गर्भवती स्त्रिया होत्या, लहान मुले होती, पोहणे ज्यांस ठाऊक नाही असे शेकडो लोक होते. आणि त्यांना घेऊन जाणाऱ्या रबरी बोटी ज्या पाण्यावरून चालत होत्या त्याच्या तळाशी आदल्या दिवसापर्यंत भाताची खाचरे, कुंपणे, बांध आणि विजेचे खांब होते. अशा पाण्यात बोट हाकणे हे नुसत्या धाडसाचे काम नव्हे. प्रवाह कोठून येतो, तळाशी काय दडले आहे, भार कोठे बसवावा आणि यंत्र कोणत्या क्षणी बंद करावे, हे ज्याच्या हातांना आधीच शिकवलेले असते त्यालाच ते साधते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांस नावाड्याचा परवाना हा विषय कोळीवाड्याचा किंवा हौशी मंडळींचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु उल्हास, बारवी आणि वालधुनी यांच्या खोऱ्यात वसलेल्या, आणि २००५ च्या सव्वीस जुलैचा प्रलय अनुभवलेल्या या वस्तीला मोटारबोटीचे शास्त्र परके मानून चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. देशांतर्गत जलमार्गांवर यंत्राच्या बळाने चालणाऱ्या नौकांसाठी इंग्रजी अमलात १९१७ साली कायदा झाला, आणि शतकाहून अधिक काळ त्याच्याच आधारे नौकांची नोंदणी, तपासणी व चालकांच्या परीक्षा होत राहिल्या. त्याची जागा आता २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमाने घेतली आहे. जुन्या व्यवस्थेत एका प्रांताचा दाखला दुसऱ्या प्रांतात आपोआप चालत नसे. नव्या कायद्याने तो साऱ्या देशात ग्राह्य ठरवला, नौकांची व चालकांची मध्यवर्ती नोंद ठेवण्याची तजवीज केली आणि विम्याचीही अट घातली. महाराष्ट्रात हे दप्तर १९९६ च्या अधिनियमाने अस्तित्वात आलेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे.

येथे दोन दाखल्यांतील भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. एक दाखला नौकेचा असतो: तिचा सांगाडा मजबूत आहे, यंत्र धड आहे, इतकेच इसम तिच्यात बसावेत, इतकी जीवरक्षक साधने तिच्यावर असावीत. दुसरा दाखला माणसाचा, म्हणजे नौका हाकणाऱ्या सारंगाच्या किंवा यंत्रचालकाच्या सक्षमतेचा असतो. आणि त्यासाठी पाण्यावरील अनुभव, वैद्यकीय तपासणी व परीक्षा या पायऱ्या चढाव्या लागतात. दृष्टीच्या तपासणीत रंगांची पारख पाहतात, ती कोणास अनावश्यक जाच वाटेल. परंतु काळोखात समोरून येणाऱ्या नौकेची दिशा केवळ तिच्या दिव्यांच्या रंगांवरून ओळखायची असते, हे कळले की त्या अटीचे मर्म उमगते. प्रत्येक नौकेच्या डाव्या अंगास तांबडा आणि उजव्या अंगास हिरवा दिवा असतो. आपल्या उजव्या हाताकडून आडवी येणारी नौका आपल्याला तिची डावी बाजू, अर्थात तांबडा दिवा दाखवते, आणि अशा वेळी वाट देण्याची जबाबदारी आपली असते. तोच दिवा ज्याला करडा दिसेल त्याच्या हाती सुकाणू देणे हा उतारूंशी केलेला द्रोह होय.

समुद्रावरील टकरी टाळण्यासाठी १९७२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतून हे शिक्षण आले आहे, आणि त्यातील पहिलाच पाठ आपल्याकडील वाहनचालकास बुचकळ्यात टाकणारा आहे. रस्त्यावर आपण डावीकडून चालतो. अरुंद जलमार्गात मात्र उजव्या काठाला धरून चालावे लागते, आणि दोन यंत्रनौका समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडेच वळायचे असते. कल्याण-शिळ रस्त्यावर वीस वर्षे मोटार चालवलेल्या माणसाचा हात संकटसमयी सवयीने डावीकडे जाईल, आणि तेवढ्यानेच घात होईल. भोंग्याचीही भाषा ठरलेली आहे: एक आखूड नाद म्हणजे मी उजवीकडे वळतो, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे यंत्र उलटे फिरवतो, आणि पाच म्हणजे तुमचा इरादा मला कळत नाही.

याहून महत्त्वाचे ते पाठ जे आपल्या नदीने घालून दिले आहेत. बदलापूरच्या ज्या बॅरेजमधून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण बदलापूर-अंबरनाथला पाणी पुरवते, तशा कोणत्याही बंधाऱ्यावरून पाणी ओसंडू लागले की पायथ्याशी ते गरगरत मागे वळते, आणि खालच्या बाजूने जवळ गेलेल्या बोटीला भिंतीकडे खेचून घेते. पृष्ठभागावर फेस दिसतो, खालची ओढ दिसत नाही. वरच्या बाजूने जाणाऱ्यास तर भिंतीची कड शेवटच्या क्षणापर्यंत दिसतच नाही. उन्हाळ्यात उल्हासच्या पात्रावर पसरणारी जलपर्णी हा दुसरा शत्रू. तिची मुळे यंत्राच्या पंख्याभोवती गुंडाळतातच, शिवाय यंत्र थंड ठेवण्यासाठी नदीतूनच जे पाणी ओढले जाते त्याचे तोंडही ती बुजवते. म्हणून यंत्रामागून पडणारी पाण्याची बारीक धार अखंड आहे की नाही, याकडे चालकाने सतत लक्ष ठेवायचे असते. ती धार थांबली की यंत्र तापले असे समजावे आणि ते तत्काळ बंद करावे.

बुडणाऱ्या माणसाजवळ जाण्याची रीत पुष्कळांच्या कल्पनेच्या उलट आहे. प्रवाहाबरोबर वाहत त्याच्यावर जायचे नसते. खालच्या अंगाने फिरून, प्रवाहाकडे तोंड करून, वेग मरू देत पोहोचायचे असते, आणि हाताच्या अंतरावर येताच पंखा थांबवायचा असतो, कारण फिरता पंखा पुरापेक्षाही निर्दय असतो. चालकाच्या मनगटास किंवा जॅकेटास बांधलेली एक लहानशी दोरी यंत्राच्या कळीला जोडलेली असते. तो पाण्यात पडला तर ती निसटते आणि यंत्र बंद पडते. ही दोरी न बांधणारा चालक मी तरी अर्धशिक्षितच मानीन.

२०२४ च्या एकाच वर्षाने महाराष्ट्राला या विषयाची दोनदा भीषण आठवण करून दिली. मे महिन्यात उजनी धरणाच्या फुगवट्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. अठरा डिसेंबरला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका ताबा सुटून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी लाँचवर आदळली आणि पंधरा माणसे दगावली. त्यानंतर गेटवेच्या लाँचांवर जीवरक्षक जॅकेट अंगावर चढवणे सक्तीचे झाले.

आपल्या भागात हे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्याने सुरुवात सागरी मंडळाकडील चौकशीपासून करावी. जलक्रीडेच्या व्यवसायासाठी यंत्रबोट हाताळण्याचे व जीवरक्षणाचे रीतसर अभ्यासक्रम केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत चालतात. मात्र त्या प्रमाणपत्राचा व सारंगाच्या सनदेचा उद्देश एक नाही, हे अर्ज करण्यापूर्वी समजून घ्यावे. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्ग, वसईची खाडी व उल्हास नदी मिळून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ जाहीर झाला आहे. त्यावर उद्या प्रवासी नौका चालू लागल्या तर सनद असलेल्या चालकांची गरज येथल्या येथेच भासेल.

परंतु माझी कळकळ त्या रोजगारापेक्षाही पुराच्या रात्रीसाठी आहे. पाणी चढल्यावर कोणी कोणाची सनद पाहत बसत नाही. तेव्हा शिक्षण त्याआधीच झालेले हवे, आणि ते नदीकाठच्या गावांतील तरुणांना मिळावे, कारण कोणत्या वळणावर भोवरा पडतो आणि कोणत्या शिवारात पाणी आधी शिरते हे बाहेरून येणाऱ्या पथकाहून त्यांस अधिक ठाऊक असते. सरावाचा काळ दिवाळीनंतरचा, पाणी निवळलेले असताना. बॅरेजवर सराव करायचा तर जीवन प्राधिकरणाची आणि बारवीच्या जलाशयावर करायचा तर औद्योगिक विकास महामंडळाची परवानगी लागेल, कारण ते पिण्याचे पाणी आहे व तेथे इंधनाचा थेंबही सांडता कामा नये. ही परवानगी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने तिन्ही नगरांच्या वतीने एकत्र मागावी.