उतारा कुठल्या नावाखाली?

संकेतस्थळाच्या मेन्यूतली नावे लोकांना कळतात का, हे तपासण्याच्या चाचणीला ‘ट्री टेस्टिंग’ म्हणतात. तिच्यात रंग, चित्रे, शोधपेटी काही नसते. विभाग-उपविभागांच्या नावांची उतरंड समोर ठेवून एक काम सांगायचे आणि बोट कुठे जाते ते नोंदवायचे.

धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याच्या शेतकऱ्याला ‘महाभूलेख’ या जमीन-नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर सातबारा पाहायचा आहे, असे काम घेऊ. तिथे वर्षानुवर्षे पहिली पायरी होती महसूल विभाग निवडण्याची. परंड्याला बार्शी जवळची. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, सोलापूर पुणे विभागात. धाराशिव मात्र छत्रपती संभाजीनगर विभागात. परंडेकराने ‘पुणे’वर बोट ठेवले, तर चूक त्याची नव्हे. सहा महसूल विभाग ही प्रशासनाची मांडणी. शेतकरी गाव, तालुका, जिल्हा असाच विचार करतो.

किती जण योग्य जागी पोहोचले, किती जण मागे न फिरता पोहोचले आणि पहिला क्लिक कुठे पडला, हे तीन आकडे पाहायचे. तिसरा सर्वांत बोलका. बॉब बेली आणि कॅरी वोल्फसन यांच्या अभ्यासात पहिला क्लिक बरोबर असणाऱ्यांपैकी ८७ टक्के लोकांचे काम झाले. चुकणाऱ्यांपैकी ४६ टक्क्यांचेच. चुका एकाच नावावर गोळा झाल्या, तर ते नाव भुलवते आहे; सगळीकडे विखुरल्या, तर कुठलेच नाव पटलेले नाही.

काम सांगताना मेन्यूतला शब्द वापरला, की चाचणी वाया जाते. ‘डिजिटल स्वाक्षरीत सातबारा काढा’ म्हटले, तर कोणीही तेच शब्द हुडकेल. ‘बँकेत द्यायला उतारा हवा’ असे म्हणावे. मग कळते, की ‘विनास्वाक्षरीत’ म्हणजे नुसता पाहण्यापुरता आणि १५ रुपयांचा सहीचा वेगळा, हा भेद किती जणांच्या ध्यानात येतो. फेरफाराच्या नोटिसा दाखवणारी ‘आपली चावडी’ही तपासण्याजोगी. नाव गोड, ओळखीचे; पण आत काय आहे ते सांगत नाही.

आकड्यांवर भिस्त ठेवायची तर पन्नासेक माणसे लागतात, आणि त्यांत सेतू केंद्राचा चालक नको. त्याला सगळ्या वाटा पाठ असतात.

नावे बदलली, की चाचणी पुन्हा घ्यावी लागते. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले आणि अकारविल्हे यादीत जिल्हा ‘उ’वरून ‘ध’वर गेला. घरोघरीच्या जुन्या उताऱ्यांवर मात्र अजून उस्मानाबादच छापलेले आहे.