आधी समुद्र निवडा, मग रिसॉर्ट

मे महिन्याच्या सुट्टीसाठी गोव्यातलं एखादं पंचतारांकित रिसॉर्ट शोधायला बसलात, की थोड्याच वेळात सगळी सारखी दिसू लागतात. तोच निळा तलाव, त्याच पांढऱ्या गाद्या, नाश्त्याचं तेच लांबलचक टेबल आणि माडांमागून डोकावणारा तोच समुद्र. मग दर बघायचे, परीक्षणं वाचायची आणि शेवटी मेहुण्याला जे आवडलं होतं ते बुक करायचं!

पण फोटोतला तो मागचा समुद्र खरंच सगळीकडे सारखा असतो का? मुळीच नाही. एका रिसॉर्टसमोर सहा वर्षांचं पोर कमरेएवढ्या पाण्यात तासभर खेळू शकतं, तर काही किलोमीटरवरच्या दुसऱ्यासमोर धडधाकट माणसाचेही पाय सुटतात. आणि मौज अशी, की हा फरक घरबसल्या वाचता येतो. त्यासाठी नकाशा, दोन-चार फोटो आणि भिंतीवरचं तिथीचं कॅलेंडर पुरतं.

नकाशा उघडा. गोव्याचा किनारा सुमारे १०५ किलोमीटरचा. उत्तरेकडे बारदेशात जांभ्या दगडाच्या टेकड्या थेट समुद्रात घुसल्या आहेत आणि किनाऱ्याचे तुकडे पाडले आहेत: हणजूण, वागातोर, शिकेरी. मध्ये, मुख्यतः सासष्टीत, वेळसांवपासून मोबोरपर्यंत पंचवीसेक किलोमीटर सलग वाळूच वाळू. बाणावली, वार्का, केळशी इथली बहुतेक बडी रिसॉर्ट याच पट्ट्यावर आहेत. त्याच्या खाली काणकोणात पुन्हा डोंगर पुढे येतात आणि त्यांच्या कुशीत पाळोळ्याची चंद्रकोर दिसते.

आता लाटांकडे या. समुद्रात वारा कुठूनही वाहो, लाटा किनाऱ्यावर येतात त्या जवळजवळ समोरूनच. हे कधी खटकलंय का तुम्हाला? खोल पाण्यात लाट तिरकी निघालेली असते. तिचं एक टोक आधी उथळ पाण्यात शिरतं आणि तिथे तिचा वेग मंदावतो. दुसरं टोक अजून खोल पाण्यात, भरधाव. बैलगाडीचं एक चाक चिखलात रुतलं की गाडी त्याच बाजूला वळते ना, तशी अख्खी लाट वळते! समुद्रात घुसलेल्या टेकडीपाशी ती दोन्ही बाजूंनी वळून टोकावर आदळते, म्हणजे लाटांची ताकद तिथे एकवटते. खाडीसारख्या आत गेलेल्या वळणात तीच ताकद लांबवर पसरून पातळ होते. टेकडीच्या नाकावरच्या रिसॉर्टमधून सूर्यास्त अप्रतिम दिसतो, हे कबूल. पोरांना पाण्यात सोडायचं असेल तर मात्र चंद्रकोरीचा मधला भाग शोधा. पाळोळ्याचं पाणी बहुधा शांत असतं ते याच भूमितीमुळे.

नकाशा झाला, आता फोटो. त्यात तलाव बघू नका, वाळू बघा. वाळूच्या कणाच्या आकारावरून समुद्र किती लवकर खोल होतो ते कळतं, यावर चटकन विश्वास बसणार नाही. लाट वर चढते तेव्हा पाण्याबरोबर वाळू आणते. वाळू जाडीभरडी असेल तर बरंचसं पाणी तिथेच मुरतं, परतणाऱ्या पाण्यात जोर उरत नाही आणि आणलेली वाळू वरच राहते. असं वर्षानुवर्षं झालं की किनारा उभा होतो. बारीक वाळूत पाणी पटकन मुरत नाही. ते भरल्या हातांनी परत जातं, किनारा सपाट करत करत. म्हणूनच बारीक वाळूच्या किनाऱ्यावर सायकल चालवता येते आणि पाण्यात बरंच आत गेलं तरी पाणी कमरेच्या वर येत नाही.

फोटोत ओल्या वाळूचा रुंद, आरशासारखा चमकणारा पट्टा दिसतोय, त्यात आभाळ उतरलंय? उतार सौम्य आहे. पाण्याच्या कडेला वाळूची पायरी पडलेली दिसतेय? मग जपून. सौम्य उतारावर लाट हळूहळू फेसाळत येते. उभ्या उतारावर ती एकदम कमान करून डोक्यावर आपटते. शिवाय लाट स्वतःच खोली सांगत असते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. मीटरभर उंचीची लाट जिथे फुटतेय, तिथे सव्वा मीटरच्या आसपास पाणी आहे. किनाऱ्यावर बसल्या बसल्या मोजा!

इथे एक गंमत सांगायला हवी. ज्या वाळूच्या जोरावर आपण रिसॉर्ट निवडतो, ती वाळू मुळी एका जागी राहतच नाही. पावसाळ्यातल्या उंच लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि पाण्याखाली तिचे बांध घालतात. हिवाळ्यातल्या मवाळ लाटा तीच वाळू हप्त्याहप्त्याने परत करतात. ऑगस्टमधला अरुंद किनारा आणि मेमधला ऐसपैस किनारा हे एकाच वाळूचे दोन मुक्काम. या येण्याजाण्यात कुणी आडवं आलं तर काय होतं? जून २००० मध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' नावाचं जहाज कांदोळीसमोर रुतून बसलं आणि दहा वर्षांहून जास्त काळ तिथून हललं नाही. लाटांची आणि वाळूची नेहमीची वाट बदलली. शिकेरी-कांदोळीच्या किनाऱ्याची जी धूप झाली, तिचा दोष या जहाजाकडे गेला. एका जहाजाने एवढी उलथापालथ!

किनाऱ्यामागच्या वाळूच्या टेकड्या म्हणजे याच वाळूची शिल्लक. त्यांच्यावर मर्यादवेल पसरते, जांभळी फुलं येतात आणि मुळांनी वाळू धरून ठेवली जाते. रिसॉर्टने ही वेल आणि टेकड्या राखल्या असतील तर त्याला माझ्याकडून एक तारा जास्त. ज्यांनी त्या सपाट करून हिरवळ लावली, त्यांच्या हिरवळीचं भवितव्य समुद्र ठरवेल.

'समुद्राला लागून' अशी जाहिरात असलेलं नवं रिसॉर्ट प्रत्यक्षात बरंच आत का निघतं, त्याचीही एक गोष्ट आहे. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, की भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवा. त्यातून पुढे फेब्रुवारी १९९१ ची सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राची, अधिसूचना आली आणि फारशी वस्ती नसलेल्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद झालं. पुढे नियम अनेकदा बदलले, काही ठिकाणी सैलही झाले. पण पाण्याला अगदी खेटून असलेली जी मोठी हॉटेलं दिसतात, त्यातली बरीच जुनी आहेत. शिकेरीचं ताजचं रिसॉर्ट १९७४ चं, तेही १६१२ च्या आग्वाद किल्ल्याच्या आवारात. तेव्हा 'समुद्र किती जवळ?' असं विचारण्यापेक्षा 'खोलीपासून वाळूपर्यंत आजीला चालत किती वेळ लागेल?' असं विचारा. दोनशे मीटर रणरणत्या दुपारी फार लांब असतात. मोठ्या रिसॉर्टमध्ये त्यासाठी बॅटरीची गाडी असते. ती कितीदा फिरते तेही विचारून घ्या.

आता ते कॅलेंडर. हा माझा सगळ्यात लाडका भाग आहे.

कोकणात एक जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल, त्या सुमाराला दिवसातून दोनदा पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, फरक पडत नाही! घड्याळ नाही, यंत्र नाही, आणि उत्तर तासाभराच्या आत बरोबर. हे जमतं कसं?

चंद्र एका अमावस्येपासून पुढच्या अमावस्येपर्यंत तीस तिथ्यांत सूर्याच्या तुलनेत एक पूर्ण दिवस मागे पडतो. चोवीस तासांचे तीस भाग केले की एका तिथीला ४८ मिनिटं. चंद्र तेवढा उशिरा उगवतो, भरती तेवढी उशिरा येते. आपल्या माणसांनी त्यातली तीन मिनिटं सोडून दिली आणि पाऊण तास धरला, कारण तोंडी हिशेबाला पाऊण सोपा. पंधराव्या तिथीला ही सोडलेली मिनिटं साठून पाऊण तास होतात. म्हणूनच पौर्णिमेला हिशेब सव्वाअकरा सांगतो आणि मुंबईत भरती बाराच्या आसपास येते. पक्षाने फरक का पडत नाही? कारण पाणी चंद्राकडच्या बाजूलाही फुगतं आणि पृथ्वीच्या बरोबर पलीकडच्या बाजूलाही. दोन फुगवटे, म्हणून दिवसात दोन भरत्या. हिशेब मुंबईच्या बाजूचा आहे. भरतीची लाट दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे गोव्यात ती थोडी आधी येते.

पौर्णिमा-अमावस्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीला ते एकमेकांशी काटकोनात असतात, तेव्हा भांगाची भरती: पाणी कमी चढतं, कमी उतरतं. अष्टमीच्या आसपास गेलात तर संध्याकाळी चार ते सहा, ऊन उतरलेलं असताना, पाणी भरतीच्या आसपास असतं आणि त्याची ओढ सौम्य असते. लहान मुलांसाठी याहून बरी वेळ मला तरी सुचत नाही. म्हणजे बुकिंगची तारीख पंचांगात बघायला हरकत नाही, मुहूर्तासाठी नव्हे एवढंच.

ओहोटीला पाणी किती लांब जातं, हेही गावोगाव वेगळं. कोचीला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर, गोव्यात उधाणाला दोन मीटरच्या थोडा वर, मुंबईला पाचच्या आसपास, आणि भावनगरला दहा मीटरहून जास्त! एकच अरबी समुद्र, मग असं का? उत्तरेकडे जाताना किनाऱ्यासमोरचा उथळ समुद्रतळ रुंद होत जातो, पुढे खंभातचं आखात निमुळतं होतं आणि भरतीच्या पाण्याला वर चढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं आणि म्हणूनच तिथल्या रिसॉर्टमधून दुपारी कधीकधी समुद्राऐवजी ओला चिखल दिसतो. गोव्यात समुद्र दिवसभर जागेवर सापडतो.

आणि मे महिनाच का? मेमध्ये अरबी समुद्राचं पृष्ठभागाचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं, वर्षातलं सगळ्यात कोमट. उत्तर गोलार्धातले बहुतेक समुद्र जुलै-ऑगस्टमध्ये तापत असतात तेव्हा आपला समुद्र मोसमी वाऱ्यांनी घुसळून थंड होऊ लागलेला असतो. मुलांच्या गळ्याशी आलेलं ते कोमट पाणी म्हणजे येऊ घातलेल्या पावसाचा कच्चा माल! त्याच उष्णतेवर वादळंही पोसली जातात. मे २०२१ मधलं 'तौक्ते' गोव्याला झोडपत गुजरातपर्यंत गेलं. म्हणून महिन्याचा पहिला पंधरवडा बरा. जून लागला की जलक्रीडा बंद, यांत्रिक मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद, किनाऱ्यावरचे शॅक उतरवलेले. ताज्या सुरमईच्या आशेने जूनमध्ये जाणाऱ्यांची निराशा ठरलेली.

मेमधली आणखी एक चकित करणारी गोष्ट: वारा पडलेला, आभाळ स्वच्छ आणि तरी एकाएकी मोठ्या लाटा येऊ लागतात. त्या दक्षिण गोलार्धातल्या, अंटार्क्टिकाकडच्या वादळांत जन्मलेल्या असू शकतात. दिवसाला हजारेक किलोमीटर कापत त्या आठवडाभराने आपल्या पायाशी पोचतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था त्यांचा इशारा आधीच देते. निघण्याआधी तो बघा.

शेवटची गोष्ट अचंब्याची आहे तशीच भीतीचीही. किनाऱ्यावर लाटा फुटत असताना मध्येच एक शांत, गडद पट्टा दिसतो, जिथे फेस नाही. सगळ्यांना वाटतं, मुलांना तिथेच न्यावं. तिथेच न्यायचं नाही! लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, वाळूच्या बांधात खोलगट खिंड पाडतं आणि तिथून आत धावतं. खोल असल्यामुळे तिथे लाट फुटत नाही, म्हणून तो पट्टा शांत दिसतो. त्यात कुणी सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावं; हा प्रवाह सहसा अरुंद असतो.

गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधलं पाणी त्यांनी पोहण्यासाठी निवडलेलं असतं. नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही, तलाव आहेच. तेव्हा बुकिंगच्या फोनवर स्पा आणि बुफेची चौकशी जरूर करा, पण त्याआधी एक प्रश्न विचारा: तुमच्या समोरच्या किनाऱ्यावर जीवरक्षकांची चौकी नेमकी कुठे आहे? पलीकडच्याला सांगता आलं नाही, तर दुसऱ्या रिसॉर्टला फोन लावा.