टाळू शिवली, पण कानांचं काय?

मूल दुभंगलेल्या टाळूचं जन्माला आलं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्याच्या तोंडाकडे लागतं. दूध नाकातून येतं, वजन वाढत नाही, त्यात शेजारच्या आजी ग्रहणात भाजी चिरल्याची आठवण काढतात. (ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते.) या धांदलीत कानांची आठवण कोणाला होणार? पण मैत्रिणींनो, अशा मुलाला पुढे बोलणं आणि शाळा जड जाते, त्याचं एक मूळ पुष्कळदा कानात असतं.

टाळू म्हणजे आपण तेल घालतो ती डोक्यावरची नव्हे, तोंडातलं वरचं छत. कानाच्या पडद्यामागे छोटीशी पोकळी असते आणि तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागे उघडते. आपण गिळतो तेव्हा टाळूचे स्नायू ही नळी उघडतात व कानात हवा खेळते. घाटात दडे बसलेले कान आवंढा गिळल्यावर मोकळे होतात, ते याच नळीमुळे. टाळू दुभंगलेली असली की हे स्नायू जागच्या जागी नसतात, नळी उघडत नाही आणि पडद्यामागे पाणी साचतं. पुढे ते डिंकासारखं चिकट होतं. अमेरिकेत १९६९ साली डॉ. पॅराडाइझ यांनी अशा ५० तान्ह्या मुलांचे कान तपासून हा त्रास जवळजवळ सर्वांनाच असतो, हे दाखवून दिलं. नुसता ओठ दुभंगलेला असेल, तर मात्र सहसा ही भीती नसते.

फसवं काय, तर हे पाणी बहुधा दुखत नाही, वाहतही नाही. मूल ऐकतं, पण कानांत बोटं घालून ऐकावं तसं. मी शिकवते त्या शाळेत दुसरीत असा एक मुलगा होता. टाळूची शस्त्रक्रिया दीड वर्षाचा असतानाच झालेली. समोर उभं राहून बोललं की त्याला सगळं कळे. फळ्याकडे तोंड करून बोललं की तो शेजाऱ्याच्या वहीत बघे. श्रुतलेखनात 'स' आणि 'श' हमखास गळत. घरचे म्हणत, "टाळूमुळे बोलतो तसा, आणि हाक मारली तर वळत नाही, द्वाड आहे!" तपासल्यावर दोन्ही कानांत पाणी निघालं.

टाळू शिवली म्हणजे नळी लगेच सुधारते असं नाही. बऱ्याच मुलांत ती वयाबरोबर, काही वर्षांनी सुधारते. पण बोलायला शिकायची वर्षं तोवर निघून जातात ना! म्हणून तक्रार नसली तरी दर काही महिन्यांनी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. तान्ह्या बाळाचं ऐकणंसुद्धा झोपेत तपासता येतं.

उपाय म्हणजे पडद्याला बारीक छेद देऊन पाणी काढायचं आणि तिथे ग्रोमेट नावाची इवलीशी नळी बसवायची. डॉ. आर्मस्ट्राँग यांनी १९५४ साली ही रीत पुढे आणली. नळी बहुधा सहा महिने ते वर्षभरात आपोआप पडते, मग कधी पुन्हा बसवावी लागते. यात डॉक्टरांचं एकमत नाही बरं का. काही जण टाळूच्या शस्त्रक्रियेबरोबरच नळी घालतात. काही म्हणतात, वारंवार घातल्याने पडद्याला व्रण पडतो, छिद्र राहतं, तेव्हा थोडं थांबा, हवं तर श्रवणयंत्र लावा. मला विचाराल तर 'थांबा' म्हटलं की 'किती दिवस आणि पुढची तपासणी कधी' हे तिथल्या तिथे विचारून घ्यावं.

कानात तेल मात्र अजिबात नको. नळी असताना न्हाऊ घालताना साबणाचं पाणी कानात जाऊ देऊ नये. आणि कानातून घाण वासाचा पू येऊ लागला, तर दिवस घालवू नका. पडदा आत ओढला जाऊन तिथे साठलेला मळ हाड पोखरतो आणि मग मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

खर्चाची काळजी असेल तर अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला मूल दाखवा. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेली टाळू आणि ऐकू न येणं, दोन्ही धरलेली आहेत. जाताना टाळूच्या शस्त्रक्रियेचे कागद बरोबर घ्या आणि मुलाला घरी काय ऐकू येत नाही ते लिहून न्या. डॉक्टरांसमोर बसलं की निम्मं विसरायला होतं.